जुन्या लांकडांत लपलेलें लोखंड

सागवानाचा भाव हल्लीं असा चढला आहे कीं, ज्या शेतकऱ्यास घराच्या दारें-खिडक्या करावयाच्या आहेत किंवा गोठ्यास चार खांब द्यावयाचे आहेत, तो नव्या लांकडाच्या वखारींत जाण्यापूर्वीं जुन्या लांकडाची चौकशी करितो. तें मिळतेंही. गांवोगांवचे वाडे उकलले जात आहेत, माळवदें उतरून त्या जागीं सिमेंटचे स्लॅब पडत आहेत, आणि भाऊबंदांच्या वांटणींत एकाच्या वांट्यास दगड तर दुसऱ्याच्या वांट्यास तुळया येत आहेत. धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांतील लोकांनीं आपलीं घरें उकलून, गाड्यांवर घालून आणलेलें लांकूड नव्या गांवठाणांतून आजही उभें दिसतें. असें लांकूड दोन-दोन पिढ्या छपराखालीं वाळलेलें असतें. तें नव्या कापाच्या लांकडाइतकें पिळत नाहीं कीं आकसत नाहीं. तेव्हां जुनें लांकूड घेण्याविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. त्याचा एक दोष मात्र असा आहे कीं, तो डोळ्यांस दिसत नाहीं व सौदा ठरवितांना कोणी बोलून दाखवीत नाहीं. तो दोष म्हणजे लांकडाच्या पोटांत राहून गेलेलें लोखंड.

आमच्या तालुक्यांतील एका लांकूड कापण्याच्या गिरणींत अशी एक तुळई आम्हीं कापतांना पाहिली आहे. तुळई वरून तेलकट, गुळगुळीत व निर्दोष दिसत होती. दोन फळ्या उत्तम निघाल्या. तिसऱ्या कापांत पट्ट्याची करवत एका घडीव मोळ्यावर गेली. आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला, पट्टा तुटून भिंतीवर आदळला, आणि कामावरील गडी केवळ दैव बलवत्तर म्हणून बाजूस उभा होता. पुढें पाऊण तास वाद चालला तो पट्ट्याचे पैसे कोणी द्यावयाचे याचा. गिरणीवाला म्हणे, लांकूड तुमचें. मालक म्हणे, करवत तुमची. या वादांत दोघांचेंही म्हणणें खरें असतें, म्हणूनच तो वाद कापानंतर नव्हे तर कापापूर्वीं मिटवावा लागतो. लांकूड गिरणींत नेण्याआधीं मालकानें त्याची झडती घ्यावी, गिरणीवाल्यानें आपल्या समाधानासाठीं ती पुन्हां घ्यावी, आणि त्यानंतरही पातें मोडल्यास खर्च कोणाचा हें दोन साक्षीदारांदेखत बोलून ठेवावें.

गोल करवतीची गोष्ट याहूनही नाजूक आहे. तिच्या हल्लींच्या चकत्यांच्या दातांस टंगस्टन कार्बाईडचीं टोंकें डाकलेलीं असतात. तीं टोंकें फार कठीण, परंतु कांचेसारखीं ठिसूळ असतात. खिळ्यावर आपटलीं म्हणजे तीं झिजत नाहींत, तुटून उडतात. आणि उडतात त्यांस दिशा नसते. डोळ्यास चष्मा नसेल तर पुढें काय व्हावयाचें तें लिहिण्याची गरज नाहीं. रंध्याच्या यंत्राच्या पात्यास एका खिळ्यानें खांच पडली कीं, पुढें निघणाऱ्या प्रत्येक फळीवर त्या खांचेची उभी रेघ उठत राहते. आणखी एक धोका लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. पोलादावर पोलाद घासून जी ठिणगी उडते, ती भुशाच्या ढिगांत पडून तासन्‌तास धुमसत राहूं शकते. संध्याकाळीं गिरणी बंद करून मंडळी घरीं जातात आणि आग रात्रीं लागते.

आतां झडती कशी घ्यावी तें पाहूं. आमच्या मतें तिची सुरुवात यंत्रानें होत नाहीं, ती घर उभें असतांनाच होते. हें लांकूड घरांत कोठें होतें व काय काम करीत होतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास निम्मे खिळे न शोधतांच सांपडतात. कडीपाटाची कडी असेल तर तिच्या वरच्या अंगास पाट ठोकल्याचे खिळे ओळीनें असावयाचे, आणि खालच्या अंगास कोणी पाळण्याची कडी, कोणी हंडीचा हुक, कोणी विजेच्या तारांची पट्टी मारलेली असावयाची. त्या पट्टीच्या चुका इतक्या बारीक असतात कीं, पट्टी उपटतांना त्यांचीं डोकीं तुटून धड आंत राहतें. छपराचा वासा असेल तर रिपा मारल्याचे खिळे, आणि मागाहून कौलें काढून पत्रे घातले असतील तर त्यांचे वेगळे. खांबास हात पोंचेल तेथवर खुंट्यांच्या जागीं मारलेले मोळे, दिनदर्शिकांच्या चुका व गुरांच्या कड्या. दाराच्या चौकटीस बिजागऱ्यांचे स्क्रू, कोयंड्याचीं मुळें, भिंतींत रुतविलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि माथ्यावर घोड्याची नाल. चौकट बसवितांना पूजेचें नाणें खांचेंत ठेवण्याची चाल कित्येक घरांत आहे. तेंही कधीं कधीं लांकडाबरोबर येतें. तें ज्याचें त्यास परत करावें हें बरें.

तेव्हां घर उकलतांना प्रत्येक नगावर खडूनें किंवा गेरूनें आंकडा घालावा व एका वहींत त्या आंकड्यापुढें तो नग कोठला, कोणतें अंग वर होतें, कोणतें भिंतीकडे होतें हें लिहून ठेवावें. आमचा जन्म दप्तरांत गेला म्हणून आम्हांस हें सुचतें असें कोणी म्हणेल, व तें खोटें नाहीं. पण ज्या शेतकऱ्यास सात-बाराचा उतारा कां लागतो हें समजतें, त्यास तुळईचा उतारा कां असावा हें समजावून सांगणें नको. या वहीचा उपयोग पुढें असा होतो. सुतार माणूस खिळे मारतो ते बेताबेतानें मारतो. कडीवर दोन खिळे बारा इंचांच्या अंतरानें सांपडले, पुढें चोवीस इंच कांहींच नाहीं, आणि मग पुन्हां बारा-बारा इंचांवर खिळे, असें दिसलें तर मधला खिळा नाहीं असें समजूं नये. त्याचें डोकें तुटून तो आंत आहे असें समजून दोरीनें ती जागा मापावी व तेथेंच बारकाईनें शोधावें.

लाकूड तयार करण्याचें पुढचें काम धुण्या-झाडण्याचें आहे, आणि आमच्या दख्खनच्या देशांत त्यास विशेष महत्त्व आहे. माळवदाच्या लांकडावर मातीचा व चुन्याचा थर बसलेला असतो. आपली माती काळ्या कातळापासून झालेली, आणि त्या कातळांत चुंबकास ओढणारे लोहाचे बारीक कण असतात. ज्यानें लहानपणीं ओढ्याच्या वाळूंत लोहचुंबक फिरविला असेल त्यानें त्यास चिकटलेली काळी मिशी पाहिलीच आहे. तोच प्रकार तुळईवर होतो. मातीच्या थरावर चुंबक फिरविला कीं तो भुकटीनें भरतो व जेथें खिळा नाहीं तेथेंही ओढल्यासारखा वाटतो; धातुशोधक यंत्रही अशा थरावर कधीं कधीं नाहक ओरडतें. म्हणून माती प्रथम काढावी. ती काढण्यास काथ्याचा किंवा गवती कुंचा घ्यावा, तारेचा ब्रश घेऊं नये. तारेच्या ब्रशाचे केंस तुटून लांकडाच्या रेषांत अडकतात. म्हणजे जें शोधावयाचें तेंच आपल्या हातानें पेरल्यासारखें होतें. शिवाय ओल लागतांच ते गंजून प्रत्येकाभोंवतीं काळा ठिपका उठतो. भेगांतील खडे व वाळू लांकडी सळीनें उकरून काढावे. खडा चुंबकास कळत नाहीं व यंत्रासही कळत नाहीं, पण करवतीची धार मात्र तो मारतोच. रेल्वेचे जुने लांकडी स्लीपर घेणारांनीं तर ही गोष्ट विशेष ध्यानांत धरावी, कारण त्यांच्या बुडांत खडी रुतून बसलेली असते. त्या स्लीपरांस डांबरी तेल पाजलेलें असल्यास त्यांची दावण किंवा गव्हाण करूं नये, स्वैपाकघरांत तर नकोच.

लांकूड स्वच्छ झालें म्हणजे तें सावलींत, दोन लांकडी ठोकळ्यांवर ठेवून पाहावें. पाहण्याची वेळ सकाळ-संध्याकाळची, जेव्हां उजेड आडवा पडतो. नाहीं तर विजेरी लांकडाशीं अगदीं चिकटवून तिचा झोत पृष्ठभागावरून सरपटत सोडावा. वरून पडणाऱ्या उजेडांत जें सपाट दिसतें, त्यांत आडव्या उजेडानें खळगे, उंचवटे व बुजविलेलीं भोंकें उठून दिसतात. मेण, राळ किंवा लांबी भरून रंगविलेलें भोंक म्हणजे आंत कांहीं आहे किंवा होतें असें समजावें. जुन्या सांध्यांत लांकडी खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांचीं गोल टोंकें पाहून घाबरावयाचें कारण नाहीं. मात्र मोळ्याचें डोकें झांकण्यासाठींही वरून खुंटी मारण्याची रीत होती, म्हणून खुंटीवरही चुंबक फिरवावा.

लोखंड ओळखण्याची सर्वांत जुनी खूण म्हणजे डाग. ज्या तुरट द्रव्यानें चामडें कमावतात तें कित्येक लांकडांत असतें. लोखंडाचा व ओलीचा त्याशीं संयोग झाला म्हणजे निळसर काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या पाण्यांत हिराकस घातल्यावर जो काळा रंग येतो तोच हा. बाभळींत, खैरांत, ऐनांत हा डाग खिळ्याच्या वर-खालीं रेषेरेषेनें चांगला वीत-वीत पसरतो, व खिळा दिसला नाहीं तरी डाग दिसतो. सागाची गोष्ट वेगळी. सागाच्या अंगचें तेल लोखंडास फारसें गंजूं देत नाहीं. जहाजें बांधणारे लोक याच गुणासाठीं त्यास मानीत. परंतु आपल्या कामीं तोच गुण आड येतो. खिळा गंजला नाहीं म्हणजे डागही फिका पडतो, किंवा मुळींच पडत नाहीं. बाभळीच्या लांकडावर नजर ठेवून जो सुतार तयार झाला आहे तो सागाच्या तुळईवर याच कारणानें फसतो. एवढ्यासाठीं, केवळ अनुभवी माणसानें पाहिलें आहे, आतां खुशाल कापा, असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. अनुभव मोठा खरा, पण तो डोळ्यांपुरता आहे.

डोळ्यांनंतर चुंबक. जुन्या ध्वनिवर्धकाच्या भोंग्यांतील कड्यासारखा चुंबक सर्वत्र मिळतो व त्यानें कामचलाऊ तपास होतो. याहून पुष्कळ जोरदार चुंबक निओडिमियम नांवाच्या धातूच्या मिश्रणाचे. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत जपान व अमेरिका या देशांत त्यांचा शोध लागला, आणि आतां ते बिघडलेल्या संगणकाच्या आंतूनही निघतात. असा लहानसा चुंबक दोऱ्यास बांधून लांकडाच्या पृष्ठाजवळून हळू नेला म्हणजे खिळ्याजवळ तो आपण होऊन वळतो व लांकडास जाऊन चिकटतो. हातांत घट्ट धरून फिरविण्यापेक्षां ही दोऱ्याची रीत चांगली, कारण बोटांस जी ओढ कळत नाहीं ती दोऱ्यास कळते. हे चुंबक मुलांच्या हातीं देऊं नयेत. दोन गिळले गेले तर आंतड्यांस मध्यें धरून चिमटतात व जिवावर बेततें.

चुंबकाच्या मर्यादा दोन. पृष्ठापासून अर्ध्या-पाऊण इंचाच्या आंतील बारीक चूक त्यास सांपडते, त्याहून खोल गेली कीं सांपडेलच असें नाहीं. दुसरें असें कीं, तो केवळ लोखंडास व पोलादास ओळखतो. पितळेचा स्क्रू, तांब्याची खिळी, ॲल्युमिनियमची तार, शिशाची गोळी यांस तो ओळखीत नाहीं. आणि न गंजणाऱ्या पोलादाचे जे चकचकीत स्क्रू हल्लीं सर्वत्र वापरतात, त्यांतील पुष्कळ जातींसही नाहीं. पितळ मऊ असल्यानें करवत त्यांतून बहुधा निभावून जाते; न गंजणारें पोलाद मात्र करवतीचा जीव घेतें.

येथें धातुशोधक यंत्राचा उपयोग होतो. देवळाच्या किंवा नाट्यगृहाच्या दाराशीं पहारेकरी जो दांडका अंगावरून फिरवितो, तोच आपल्या कामास पुरतो. त्याची किंमत गिरणीच्या एका चांगल्या पात्याहून अधिक नसते. आमच्या सहकारी सोसायट्यांनीं एक-एक दांडका घेऊन ठेवावा व सभासदांस अल्प भाड्यानें द्यावा, अशी आमची सूचना आहे. त्याच्या आंत तारेचें वेटोळें असतें व बॅटरीची वीज त्यांतून क्षणोक्षणीं दिशा बदलीत वाहते. त्यामुळें वेटोळ्याभोंवतीं चुंबकशक्तीचें क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत कोणतीही धातु आली, मग ती पितळ असो कीं पोलाद, तिच्या अंगांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह उठतात. ते वेटोळ्याच्या प्रवाहास ढळवितात, आणि तेवढ्यावरून यंत्र ओरडतें.

हें तत्त्व जुनें आहे, व त्याच्या पहिल्या प्रसिद्ध उपयोगांत आपल्या कामाचे दोन धडे आहेत. १८८१ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरांत कोठें आहे हें वैद्यांस सांपडेना, तेव्हां टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं तारांच्या वेटोळ्यांचें एक यंत्र घेऊन शोध केला. यंत्र प्रयोगांत नीट चालत होतें, पण रोग्याजवळ नेतांच तें जिकडे तिकडे गुणगुणूं लागलें. मागाहून कळलें कीं, अध्यक्षांच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती. दुसरें असें कीं, मुख्य वैद्यांची समजूत गोळी उजव्या अंगास आहे अशी असल्यानें शोध त्याच अंगाचा झाला, आणि गोळी निघाली डाव्या अंगास. अध्यक्ष त्याच वर्षीं १९ सप्टेंबर रोजीं वारले.

तेव्हां तुळई तपासतांना तिच्या खालीं लोखंडी घोडी, पाण्याची नळी, सळया किंवा नांगराचा फाळ नसावा. ठोकळे बिनखिळ्यांचे असावेत. तपासणाऱ्यानें हातांतील घड्याळ, अंगठी व कडें काढून ठेवावें, आणि खिशांतील किल्ल्याही. आणि खिळे अमुकच अंगास असतील असें घरमालक कितीही खात्रीनें सांगो, चारही अंगें व दोन्ही तोंडें तपासावीं. आमच्या पाहण्यांत हा दुसरा नियम अधिक मोडला जातो, कारण जड तुळई उलटावयाची म्हणजे चार माणसें लागतात, आणि दुपार झाली कीं तीं चार माणसें पांगतात.

यंत्र हातीं घेतल्यावर प्रथम त्याची परीक्षा करावी. जेवढा खिळा शोधावयाचा तेवढा खिळा दोन इंची फळीच्या खालीं ठेवून वरून यंत्र फिरवावें. ओरडलें तर ठीक, न ओरडलें तर एक इंच फळी घेऊन पाहावी. आपलें यंत्र किती खोल पाहतें हें अशा रीतीनें ठरतें, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून ठरत नाहीं. मग वखराच्या पाळीप्रमाणें, एका पाळीवर दुसरी थोडी चढवून, सावकाश पुढें जावें. घाईनें फिरविल्यास मधली पट्टी राहून जाते, आणि रान राहिलें तर तण दिसतें, इथें तर तेंही दिसत नाहीं. यंत्र ओरडलें म्हणजे त्या जागेवर लांकडाच्या लांबीच्या दिशेनें एकदां व रुंदीच्या दिशेनें एकदां न्यावें, दोन्ही वेळां जेथें आवाज सर्वांत मोठा तेथें खडूची रेघ ओढावी. दोन रेघा जेथें छेदतील तेथें खिळा. आवाज लांबवर सारखा येत असेल तर खिळा आडवा पडलेला किंवा पट्टी समजावी. समोरच्या अंगावरूनही तीच जागा पाहावी. जिकडे आवाज मोठा त्या अंगास धातु जवळ. वहींत तुळईचा नकाशा काढून त्यावर फुल्या माराव्या.

आतां खिळा काढणें. येथें घाई केली तर लांकूड फाटतें व कष्ट वायां जातात. गंजलेल्या खिळ्यास एकदम ओढूं नये. डोक्यावर एक हलका ठोका देऊन तो प्रथम थोडा आंत जाऊं द्यावा, म्हणजे गंजाची मिठी सुटते, व मग ओढावा. पलीकडे वळवून ठोकलेला खिळा असेल तर आधीं त्याचें टोंक उचलून सरळ करावें. डोकें तुटलेला पण आरपार गेलेला खिळा टोंकाकडून लोहाराच्या सुंब्यानें मागें ठोकावा. डोकेंही नाहीं व टोंकही नाहीं असा खिळा असेल तर बोटाएवढी लोखंडी नळी घेऊन लोहाराकडून तिच्या तोंडास करवतीसारखे दांत पाडून घ्यावेत, व ती खिळ्याभोंवतीं फिरवून खिळ्यासकट लांकडाची गुल्ली बाहेर काढावी. त्या भोंकांत त्याच जातीच्या लांकडाची खुंटी सरसानें बसविली म्हणजे फळी पुन्हां कामाची होते. एवढेंही साधत नसेल तर तो हातभर तुकडा कापून टाकावा. फळ्यांच्या लांबीची आंखणी अशी करावी कीं, न निघणारा खिळा तुकड्यांत जाईल, फळींत येणार नाहीं.

एक खिळा निघाला म्हणजे त्या जागीं यंत्र पुन्हां फिरवावें. मोठ्या खिळ्याच्या आवाजांत जवळचा लहान खिळा लपतो. पहिला निघाल्यावरच दुसरा बोलूं लागतो. निघालेले खिळे मोजून वहींतील फुल्यांशीं त्यांचा मेळ घालावा. जमा आणि शिल्लक जुळेपर्यंत दप्तर बंद करूं नये, हा आमच्या जुन्या नोकरीचा शिरस्ता येथें तंतोतंत लागू पडतो. आणि मेळ जुळला तरी तो यंत्र जेवढें खोल पाहतें तेवढ्यापुरताच जुळला आहे. आठ इंची तुळईच्या गाभ्यांतील बारीक चूक दांडक्यास बाहेरून दिसत नाहीं. याकरितां पहिली फळी निघतांच उघडें पडलेलें नवें अंग पुन्हां तपासावें, मग दुसरी कापावी. गिरणीवाले यास कुरकुरतात, कारण गिरणी थांबते. त्यांस थांबूं द्यावें.

सौद्याविषयीं थोडें. जुनें लांकूड घनफुटावर घ्यावयाचें असेल तर झडती सौद्यापूर्वीं व्हावी, आणि भाव फुल्या मोजून ठरावा. विकणाऱ्याकडून पावती घ्यावी, तींत लांकूड कोणत्या घराचें हें लिहून घ्यावें. सागवानाच्या वाहतुकीस परवाना लागतो, म्हणून जुन्या घराच्या मालाविषयीं वन खात्याच्या कचेरींत आधीं विचारून मगच गाडी भरावी.

घरांच्या लांकडाविषयीं एवढें झालें, परंतु बांधावरचें झाड विकणारांसही हाच विचार लागू आहे. आपण काय करितों, तर कुंपणाची कांटेरी तार बांधावरच्या बाभळीस किंवा निंबास खिळे मारून ताणतों. झाड उंच वाढतें तें शेंड्याकडून. खोडास मारलेला खिळा जेथल्या तेथें राहतो, आणि खोड जाडीनें वाढत जाऊन त्यास गिळतें. दहा-पंधरा वर्षांनीं वरून साल अखंड दिसते व आंत तारेचे तीन पदर असतात. हें सर्व जमिनीपासून पांच-सहा फुटांच्या आंत, म्हणजे ज्या भागाचें लांकूड सर्वांत जाड व सरळ त्याच भागांत. गिरणीवाले बांधावरचें खोड म्हणतांच भाव पाडतात, किंवा बुंधाच सोडून द्या म्हणतात, तें उगीच नव्हे. पहिल्या महायुद्धाची लढाई जेथें झाली त्या फ्रान्सच्या ईशान्य भागांतील जंगलांचें लांकूड तोफांच्या गोळ्यांचे तुकडे आंत असल्यामुळें असेंच बदनाम झालें. तेथें तें शत्रूच्या हातून झालें, आपल्या बांधावर आपण स्वतः करितों. तार ओढावयाची तर वेगळा खांब रोवावा. झाडाचाच आधार घेणें भाग असेल तर खिळा न मारतां, खोडाशीं लांकडाची पट्टी उभी धरून ती सैल बांधावी, तार त्या पट्टीस ठोकावी, व दरसाल बंधन सैल करावें. शहरांतून जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे झाडांवरून काढण्याच्या मोहिमा अलीकडे निघतात; गांवांत निवडणुकीनंतर तसें करण्यास कोणाचीही हरकत नसावी.

शेवटीं काढलेल्या खिळ्यांचें काय करावयाचें, याकडे आम्हीं मुद्दाम लक्ष वेधतों, कारण करवत मोडली तर पैसे जातात, पण येथें गाय-म्हैस जाते. लांकूड उकलण्याचें व खिळे काढण्याचें काम बहुतेक ठिकाणीं खळ्यांत किंवा गोठ्यापुढील अंगणांत चालतें, आणि कडब्याची गंजीही तेथेंच असते. गाय-म्हैस चारा जिभेनें ओढून घेते व फारसा न चावतां गिळते. चाऱ्यांतून गेलेला खिळा किंवा तारेचा तुकडा जड असल्यामुळें जाळीच्या पोटांत जाऊन बसतो. त्या पोटाच्या पुढें पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. पोट आकुंचन पावतांना अणकुचीदार खिळा भिंत भेदून पुढें सरकतो. जनावर चारा सोडतें, पाठीस कमान देऊन उभें राहतें, पुढचे कोपर बाहेर काढतें, उतारावरून चालावयास नको म्हणतें. आणि गळ्याच्या पोळीवर सूज आली म्हणजे बहुधा वेळ निघून गेलेली असते. अशीं लक्षणें दिसतांच घरगुती औषधांत दिवस न घालवितां गुरांच्या डॉक्टरास आणावें. ते कित्येकदां जनावरास एक गुळगुळीत चुंबक गिळवितात. तो जाळीच्या पोटांत राहून लोखंडाचे तुकडे आपणाशीं धरून ठेवतो व त्यांस टोंचूं देत नाहीं. ज्यांच्या अंगणांत बांधकाम चाललें आहे त्यांनीं जनावर आजारी पडण्यापूर्वींच याविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

म्हणून खिळे काढण्याची जागा गंजीपासून दूर असावी, खालीं गोणपाट अंथरावें, काढलेला प्रत्येक खिळा डब्यांत टाकावा. काम संपल्यावर मोठा चुंबक जुन्या फडक्यांत गुंडाळून दोरीनें त्या जागेवर उभा-आडवा ओढावा. फडकें उलटलें कीं चिकटलेलें सर्व एकदम खालीं पडतें. खिळ्यांचे तुकडे चुलींत जाळले असतील तर त्यांची राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं तींतूनही चुंबक फिरवावा, नाहीं तर तेच खिळे शेणखताबरोबर शेतांत जाऊन गड्याच्या पायांत किंवा ट्रॅक्टरच्या टायरांत निघतात. डबा भरला म्हणजे भंगारवाला तो वजनावर घेऊन जातो.